जानेवारीतलं छप्पर

मिनेसोटातल्या मिनिआपोलिसमध्ये जानेवारीचं सरासरी तापमान उणे नऊ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ही दिवसरात्रीची सरासरी झाली. उणे पंचविसाच्या रात्रीही हिवाळ्यात येऊन जातात. दिवस जेमतेम नऊ तासांचा, सूर्य आकाशात कमरेएवढाच वर चढतो आणि पावणेपाचला मावळतो. अशा हवेत एखाद्या दिवशी गल्लीत खिळ्यांच्या बंदुकीची टकटक सुरू होते, दारापुढे भलामोठा कचऱ्याचा ट्रेलर उभा राहतो आणि कुणाच्या तरी घराचं छप्पर उतरायला लागतं. भारतातून नव्यानं आलेली माणसं हे पाहून थबकतात. एवढ्या थंडीत कुणी घर उघडं टाकतं का, असं त्यांना वाटतं. इथे अनेक वर्षं राहिलेल्यांनाही ते वाटतं, आणि तसं वाटणं रास्तच आहे. कारण अमेरिकेतल्या बहुसंख्य घरांवर जे छप्पर आहे, ते अंगभर चिकटून एकजीव व्हायला ऊन लागतं. हिवाळ्यात ते ऊन नसतं. मग उन्हाचं काम माणसाच्या हातांना करावं लागतं.

हे छप्पर शिंगल्सचं. शिंगल म्हणजे साधारण फूटभर रुंद आणि मीटरभर लांब असा डांबरी तुकडा. त्याच्या पोटात काचतंतूंची पातळ चादर असते. तिला दोन्ही अंगांनी दगडाची भुकटी मिसळलेलं डांबर लावतात, आणि वरून रंग दिलेली बारीक खडी दाबून बसवतात. खडी नुसती शोभेची नाही. उघडं डांबर उन्हातल्या अतिनील किरणांनी वाळून तडकतं, त्याला या खडीचं कवच लागतं. जुन्या छपराच्या पन्हळीत खडीचा चुरा साचायला लागला की छपराचं आयुष्य उताराला लागलं असं समजायचं.

या तुकड्याचा जन्म १९०३ सालचा, मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स गावातला. तिथे हेन्री रेनॉल्ड्स हा छपरांचा ठेकेदार होता. डांबरी छपराच्या गुंडाळ्या तेव्हा बाजारात मिळत होत्या. त्या अंथरून ठोकायच्या अशी पद्धत होती. रेनॉल्ड्सनं त्या गुंडाळ्या कापून तुकडे केले आणि एकावर एक चढवत ओळीनं बसवले. गावोगावी तेव्हा लाकडी फळकुटांची छपरं होती आणि एका घराची ठिणगी उडून अख्खी आळी जळायची. डांबरी तुकडा स्वस्त, हलका आणि आगीला त्यामानानं टिकणारा. तो पसरत गेला. सुरुवातीला त्याच्या पोटात चिंध्यांचा आणि लाकडाच्या लगद्याचा जाड कागद असे. काचतंतूंची चादर सर्रास झाली ती १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात.

पण त्याच्या इतिहासातला मोठा बदल माझ्या मते वेगळाच आहे. पूर्वी शिंगलची खालची कड मोकळीच असायची. जोराचा वारा आला की ती उचलली जायची, दुमडायची, फाटायची. १९५० च्या दशकात कारखान्यातच शिंगलवर डांबरी गोंदाचा पट्टा लावून द्यायला सुरुवात झाली. कारागिरानं फक्त खिळे मारायचे. पुढचं काम ऊन करणार. छप्पर तापलं की तो पट्टा पाघळतो आणि वरचा शिंगल खालच्याला धरतो. उन्हाळ्यात हे काही दिवसांत होऊन जातं. तापमान चाळीस अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साडेचार अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर मात्र पट्टा पुरेसा चिकटेल याचा भरवसा नाही. शिंगल बनवणाऱ्या कंपन्या म्हणूनच थंडीत प्रत्येक तुकडा हातानं चिकटवायला सांगतात. सूचना गठ्ठ्याच्या वेष्टनावरच छापलेली असते. घरमालक ती वाचत नाही, आणि घाईतला ठेकेदार वाचून न वाचल्यासारखं करतो.

आता प्रश्न असा, की मुळात हिवाळ्यात छप्पर बदलायचंच कशाला?

पहिलं कारण गारा. मिनेसोटात उन्हाळ्यात गारांची वादळं येतात आणि एका दुपारीत हजारो छपरांची खडी झोडपून काढतात. विमा कंपन्यांची पाहणी, दावे, पैसे मंजूर होणं यात महिने जातात. सगळ्या गावाला एकाच वेळी छप्पर हवं असतं आणि कारागीर मोजकेच. सप्टेंबरची तारीख नोव्हेंबरवर जाते, नोव्हेंबरची थँक्सगिव्हिंगच्या पलीकडे, आणि बघता बघता बर्फ पडतो. दुसरं कारण अपघात: वाऱ्यानं झाड पडलं, छपराला भगदाड पडलं. तिथे पर्यायच नाही. तिसरं, घर विकायचं आहे आणि घेणाऱ्यानं छपराची अट घातली आहे. आणि चौथं कारण, ज्यासाठी लोक सर्वात जास्त घाबरून ठेकेदाराला फोन करतात, ते म्हणजे भर थंडीत छतातून टपकणारं पाणी.

या चौथ्या कारणाशी मला थोडं थांबायचं आहे. कारण तिथेच पैसे चुकीच्या जागी जातात.

छपरावर फूटभर बर्फ आहे, बाहेर उणे दहा. पाणी येतं कुठून? ते घराच्या उबेनं तयार होतं. खालच्या खोल्यांमधली गरम हवा छतातल्या फटींमधून पोटमाळ्यावर चढते. दिव्यांच्या खोबणी, न्हाणीघराच्या पंख्याची कड, तारा आणि नळ वर जातात ती भोकं, माळ्यावर जायचं झाकण, अशा कितीतरी फटी असतात. माळा तापतो, त्याच्यावरची फळी तापते, आणि बर्फाचा सर्वात खालचा थर वितळतो. वरचा बर्फ गोधडीसारखा त्याला झाकून ठेवतो, त्यामुळे ते पाणी न गोठता उतारावरून खाली वाहतं. पण वळचणीपाशी येताच खेळ बदलतो. वळचण भिंतीच्या बाहेर आलेली असते, तिच्याखाली घर नाही, ऊब नाही. पाणी तिथे गोठतं. दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी पाणी येऊन गोठतं. असा कडेनं बर्फाचा बांध तयार होतो आणि त्याच्यामागे पाण्याचं तळं साचतं. शिंगल्सची रचना वाहून जाणाऱ्या पाण्यासाठी आहे. वरचा तुकडा खालच्यावर चढलेला असतो, त्यामुळे पाणी घसरून जातं. साचलेलं पाणी मात्र उलटं चढतं, शिंगलच्या खाली शिरतं, खिळ्याची वाट धरतं आणि भिंतीत उतरतं. रस्त्यावरून जाताना ज्या घराच्या वळचणीला बर्फाचे लांबच लांब सुळे लोंबताना दिसतात आणि लोक त्यांचे फोटो काढतात, त्या घराचा माळा तापतो आहे असं बहुधा समजायला हरकत नाही.

म्हणजे शिंगल्स नवेकोरे असले तरी हे होणार. मिनेसोटा विद्यापीठाच्या विस्तार सेवेचा या विषयावरचा सल्ला वर्षानुवर्षं हाच आहे: आधी छत हवाबंद करा, खालची दमट गरम हवा माळ्यावर जाऊ देऊ नका. नंतर पुरेसं उष्णतारोधक भरा, आणि माळ्याला हवा खेळती ठेवा. हे सगळं काम आतून करायचं आहे. त्याला हिवाळा आड येत नाही आणि खर्चही नव्या छपराच्या मानानं थोडा येतो.

एकदा फेब्रुवारीत ओळखीच्या एका वहिनींचा फोन आला. आवाजात घाबरेपणा होता. "भावजी, माळ्यावर पाऊस पडतोय हो! छप्पर तर सहा वर्षांपूर्वीच नवं घातलंय." आदले दहा दिवस कडाक्याची थंडी होती आणि त्या दिवशी अचानक ऊन पडलं होतं. शिडी लावून झाकण उघडलं आणि विजेरी फिरवली. छपराच्या फळीतून खाली आलेल्या शेकडो खिळ्यांची टोकं दिसत होती, आणि ज्या बाजूवर ऊन अजून पोचलं नव्हतं तिथे प्रत्येक टोकावर पांढऱ्या दवाची टोपी होती. बोरासारखी गोल, कापसासारखी भुसभुशीत. उन्हाच्या बाजूच्या टोप्या वितळून टपटपत होत्या. वरून पाण्याचा एक थेंबही आत आलेला नव्हता. घरातलीच वाफ दहा दिवस माळ्यावर जात राहिली, थंडगार लोखंडावर गोठत राहिली, आणि ऊन पडल्यावर पाणी होऊन परत खाली आली. न्हाणीघराच्या पंख्याची नळी बाहेर न काढता माळ्यातच सोडून दिलेली होती. दोन वेळचा स्वयंपाक, कुकरच्या शिट्ट्या, वरणभाताची वाफ, आणि चुलीवरचा पंखा असा की हवा गाळून परत खोलीतच सोडणारा. आपल्या घरांत वाफ अमेरिकी घरांपेक्षा जास्तच तयार होते. ती बाहेर काढायची सोय हवी. वहिनींचं काम नळी छपराबाहेर काढून आणि झाकणाला रबरी पट्टी लावून झालं. त्याच आठवड्यात एका ठेकेदारानं त्यांना अख्खं छप्पर बदलायचा अंदाज लिहून दिलेला होता.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. जानेवारीत गळती दिसली तर आधी माळ्यावर जाऊन बघा. छपरालाच भोक असेल तर ठिगळ लावा, ताडपत्री बांधा, आणि जमत असेल तर एप्रिल-मेपर्यंत थांबा. थांबणं शक्यच नसेल, तर मात्र काम कसं चाललं पाहिजे ते नीट समजून घ्या. कारण थंडीत चांगलं छप्पर घालता येतं. मी ते घातलेलं पाहिलं आहे, आणि त्या कारागिरांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

थंडीतला दिवस उशिरा सुरू होतो. छपरावर रात्रीचं दव गोठलेलं असतं. ते डोळ्यांना दिसत नाही आणि पायाखाली काचेसारखं निसटतं. ते उडेपर्यंत चांगला मुकादम कुणाला वर पाठवत नाही. बर्फ झाडूनं आणि प्लास्टिकच्या फावड्यानं खाली लोटायचा. मीठ टाकायचं नाही, कारण मिठानं खिळे आणि पत्रे गंजतात. मग जुने शिंगल्स उपटायचे. त्यासाठी दातेरी फावडं असतं, ते खाली सारून उचकटलं की खिळ्यांसकट थर निघतो. उन्हाळ्यात अख्खं छप्पर सकाळीच सोलून काढतात. हिवाळ्यात तसं करणं म्हणजे जुगार. दुपारी बर्फ सुरू झाला तर उघडं घर भिजतं. म्हणून साडेतीन-चारपर्यंत झाकून होईल एवढाच भाग उघडायचा, तो पुरा बांधायचा, आणि उरलेला उद्या.

खाली लाकडाची फळी उघडी पडते. तिच्यावर दवाचा थर असेल तर तो वाळला पाहिजे. लाकडाच्या चिपा दाबून केलेले तक्ते असतात, त्यांच्या कडा ओल धरतात आणि फुगतात. ओल्या फळीवर आवरण ठोकलं की ती ओल वर्षभर आत कोंडली जाते. अशा वेळी कुणी माळ्यात गॅसची शेगडी पेटवून फळी सुकवायला निघालं तर त्याला थांबवावं: गॅस जळताना वाफच सोडतो.

वळचणीच्या बाजूला रबरमिश्रित डांबराचा एक चिकट पडदा लावतात. मघाशी सांगितलेला बर्फाचा बांध झाला आणि पाणी मागे चढलं, तर ते या पडद्यावर अडतं. त्यातून गेलेल्या खिळ्याभोवतीही तो घट्ट आवळून बसतो. थंड राज्यांत लागू असलेल्या बांधकाम नियमांनुसार हा पडदा कडेपासून सुरू होऊन घराच्या बाहेरच्या भिंतीच्या आत निदान २४ इंच गेला पाहिजे. छपराची वळचण दोन फूट रुंद असेल तर तीन फुटांची एक पट्टी पुरत नाही, दोन लागतात. एकच पट्टी लावून मोकळे होणारे ठेकेदार आहेत, आणि वर शिंगल्स चढले की कुणाला काही दिसत नाही. म्हणून त्या टप्प्याला फोटो मागावा. आणखी एक गोष्ट: नियमानं जुन्या शिंगल्सच्या एका थरावर नवा थर चढवता येतो, आणि हिवाळ्यात घर उघडं पडू नये म्हणून तो मार्ग सुचवलाही जातो. तो घेऊ नये. पडदा थेट लाकडाला चिकटला तरच कामाचा असतो. शिवाय खालचं लाकूड कुजलं असेल तर ते कधी कळणारच नाही.

थंडीत तो पडदाही हट्टी होतो. गुंडाळी गाडीत उबेला ठेवून, लागेल तसा तुकडा वर नेऊन, कागद सोलून, जड रूळ फिरवून तो बसवावा लागतो. कधी आधी लाकडाला चिकटद्रव्य लावावं लागतं.

मग शिंगल्स. हा माल मोजायचं इथलं माप म्हणजे 'स्क्वेअर', शंभर चौरस फूट. एका स्क्वेअरला सहसा तीन गठ्ठे लागतात आणि एक गठ्ठा ६० ते ८० पौंडांचा. तीस स्क्वेअरच्या छपराला नव्वद गठ्ठे, म्हणजे अडीच ते सव्वातीन टन वजन माणसं आणि यंत्रं मिळून वर चढवतात. उन्हाळ्यात गठ्ठा आढ्यावर आपटला तर काही बिघडत नाही. थंडीत डांबर कडक झालेलं असतं. आपटलेला गठ्ठा आतल्या आत तडकतो आणि ती चीर पुढच्या उन्हाळ्यात उघडते. म्हणून गठ्ठे अलगद ठेवायचे, थोडे थोडे वर न्यायचे.

खिळ्यांच्या बंदुकीचंही तसंच. ती दाबलेल्या हवेवर चालते. थंडीत हवेतली ओल नळीत गोठते, बंदूक अडखळते, कधी खिळा अर्धाच बसतो तर कधी फार खोल जातो. खिळ्याचं डोकं शिंगलच्या पृष्ठभागाशी सपाट बसलं पाहिजे. वर राहिलं तर ते वरच्या तुकड्याला टोचतं. खोल गेलं तर काचतंतूंची चादर फाटते आणि तो शिंगल नावापुरता अडकलेला राहतो. चांगला कारागीर दर थोड्या वेळानं हवेचा दाब तपासतो आणि शंका आली की हातोडी घेतो.

आता ते हातानं चिकटवणं. शेजारच्या घराचं काम चालू असताना मी हे बराच वेळ खाली उभा राहून आणि नंतर मुकादमाच्या परवानगीनं शिडीवरून जवळून पाहिलं. एक माणूस फक्त तेवढंच करत होता. त्याच्या हातात डांबरी लेपाची नळी घातलेली बंदूक होती. शिंगल खिळ्यांनी बसला की तो खालची कड दोन बोटांनी जरा उचले. जरा म्हणजे जराच, कारण जास्त वाकवली तर मोडते. आत लेपाचे चार ठिपके सोडी, प्रत्येक पाव डॉलरच्या नाण्याएवढा, कडेपासून दोनेक इंच आत. मग तळहातानं दाबून पुढच्याकडे सरके. ठिपका लहान पडला तर धरत नाही, मोठा पडला तर लेपातल्या द्रावकानं शिंगलचं डांबर मऊ होऊन फोड येतात. हातमोजे घालून ही नजाकत जमत नाही, म्हणून उजव्या हाताच्या मोज्याची दोन बोटं कापलेली होती. लेप घट्ट व्हायला लागला की नळी खाली टाकायची आणि गाडीतल्या उबेतली दुसरी घ्यायची. तीस स्क्वेअरच्या छपराला अंदाजे १९५० शिंगल्स लागतात. चार ठिपक्यांनी गुणा, जवळजवळ पावणेआठ हजार ठिपके होतात. तो एकेक ठिपका त्या माणसानं वाकून दिला.

आढ्यावरच्या टोप्या सर्वात शेवटी. हे तुकडे दोन्ही पाखांवर उतरतील असे मधोमध वाकवावे लागतात, आणि थंड तुकडा वाकवला की कडकन मोडतो. त्या घरी टोप्यांचा खोका सकाळपासून गाडीत चालकाच्या बाजूच्या आसनावर, हीटरच्या झोतात होता. एक जण दहा-बारा तुकडे कोटाच्या आत छातीशी धरून शिडी चढायचा, ते गार व्हायच्या आत ठोकून व्हायचे, मग पुढची खेप.

अशा कामाला उन्हाळ्याच्या दुपटीनं वेळ लागला तर तक्रार करू नये. जो ठेकेदार जानेवारीतही एका दिवसात छप्पर पुरं करून देतो असं सांगतो, तो यातलं काहीतरी गाळतो आहे.

आपल्याकडची कौलारू घरं इथे राहणाऱ्या कोकणातल्या माणसाला आठवल्याशिवाय राहत नाहीत. मंगळुरी कौलाचा पहिला कारखाना बासेल मिशननं १८६० च्या दशकात मंगळूरला काढला आणि पुढे तेच कौल साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर चढलं. पावसाळ्यापूर्वीची शाकारणी, फुटकी कौलं काढून नवी सरकवणं, वासे-रिपा पाहणं हा वर्षाचा ठरलेला उद्योग. तिथे काहीच चिकटवलेलं नसतं. एक कौल फुटलं तर एकच बदलतं, आणि फटींतून घराचा धूर, वाफ, उष्मा सगळं निघून जातं. बसवायला कोरडी हवा असली की पुरे. इथलं छप्पर त्याच्या अगदी उलट टोकाचं: बंद, चिकट, आणि आतली वाफ कुठे जाणार याचा वेगळा हिशेब मागणारं. नियमानं माळ्याच्या क्षेत्रफळाच्या दीडशेवा भाग हवेसाठी खुला ठेवावा लागतो. वर-खाली झरोके योग्य वाटून दिले आणि इतर अटी पाळल्या तर तीनशेवा भाग चालतो. पण शाकारणीची सवय मात्र इथेही उपयोगी पडते. फक्त महिना बदलायचा. आपण वैशाखात वर चढायचो, इथे ऑक्टोबरात चढायचं. पन्हळीतली पानं काढायची, धुराड्याभोवतीचे पत्रे पाहायचे, आणि माळ्यात डोकावायचं. ऑक्टोबरात तासाभराचं जे काम आहे, ते न केल्यामुळे जानेवारीत आठवड्याचं होतं.

आणि त्या आठवड्यात वर असतात ती माणसं. मिनिआपोलिस-सेंट पॉलच्या परिसरात छपरांवर दिसणारे कारागीर बरेचसे लॅटिन अमेरिकेतून आलेले आहेत. इक्वाडोरमधून आलेल्यांची इथे मोठी वस्ती आहे. मुकादम आणि घरमालक यांच्यात इंग्रजी, वर छपरावर स्पॅनिश. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार दर लाख छप्पर-कारागिरांमागे कामावर मृत्यू होण्याचं प्रमाण ५७.५ होतं; सर्व कामगारांचं मिळून ते ३.७ होतं. पंधरापटीहून जास्त. बहुतेक मृत्यू पडून होतात. सहा फुटांहून उंच काम असेल तर पडण्यापासून संरक्षण दिलंच पाहिजे असा केंद्रीय नियम आहे: आढ्याला कडी, कडीला दोर, दोराला माणसाचा पट्टा. एवढं साधं. तरीही उतरत्या, गोठलेल्या पाख्यावर दोराशिवाय चालणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि ते पाहताना पोटात गोळा येतो. दोर बांधायला, सोडायला, पुन्हा बांधायला वेळ जातो, आणि त्यांना पैसे स्क्वेअरमागे मिळतात. आपण सर्वात कमी रकमेचा अंदाज निवडतो तेव्हा बहुतेक वेळा हाच वेळ कापलेला असतो.

या हिवाळ्यात ज्यांना छप्पर बदलणं भागच आहे, त्यांनी करारावर सही करण्याआधी काही गोष्टी लिहून घ्याव्यात. ठेकेदाराकडे राज्याचा परवाना आणि कामगारांचा विमा आहे का. साडेचार अंशांच्या खाली प्रत्येक शिंगल हातानं चिकटवला जाईल का. चिकट पडदा भिंतीच्या आत किती येणार, आणि त्याचे फोटो मिळतील का. रोज किती भाग उघडणार. मे महिन्यात एकदा परत येऊन कडा चिकटल्या आहेत की नाहीत ते तपासणार का. ही शेवटची अट मान्य करणारा माणूस सहसा कामही नीट करतो. काम झाल्यावर चुंबकाची गाडी फिरवून खिळे गोळा करतात, पण बर्फात पडलेले खिळे तेव्हा सगळे सापडत नाहीत. बर्फ वितळल्यावर दुसरी फेरी मारायला सांगा, मुलं तोवर अनवाणी अंगणात जायला लागलेली असतात. छप्पर उघडलं आहे तोवर माळ्यातल्या फटी बुजवून घ्या, पंख्याच्या नळ्या बाहेर काढून घ्या. नाहीतर नव्या छपरावरही पुढच्या डिसेंबरात तोच बांध उभा राहील. आणि कामाच्या पहिल्या सकाळी बाहेर येऊन वर बघा. दोराशिवाय कुणी दिसला तर मुकादमाला बोलावून काम थांबवायला सांगा, आणि दोर बांधायला लागणाऱ्या वेळाचे पैसे आनंदानं द्या.